पुढे काय येईल? : बालवयातील गणित आणि निसर्गातील आकृतिबंध

मी मुळात इतिहासाचा विद्यार्थी. एम.ए. इतिहास विषयात केले आणि पंचवीसहून अधिक वर्षे माध्यमिक वर्गांना सातवाहनांपासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंतचा काळ शिकवीत आलो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा माझ्याकडून लेण्यांवर किंवा महाडच्या सत्याग्रहावर काही येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी लिहिणार आहे ते मात्र तिसरीच्या गणिताविषयी. काही वर्षांपूर्वी प्राथमिक विभागातील गणिताच्या बाई दीर्घ रजेवर गेल्या आणि त्यांचे तास माझ्या वाट्याला आले. वर्षभरासाठी म्हणून घेतलेले ते काम पुढे मी आपणहून चालू ठेवले. आजही आठवड्यातला एक तास मी धाकट्यांच्या वर्गात असतो.

पहिल्या दिवशी फळ्यावर २, ४, ६, ८ असे लिहून मी विचारले, "पुढे काय येईल?" साऱ्या वर्गाने एका सुरात "दहा" म्हटले. "कशावरून?" असे विचारताच वर्ग गप्प झाला. एक मुलगा धीर करून म्हणाला, "सर, पाढ्यात तसंच असतं." मग मी १, ४, ७, १० असे लिहिले. ते पाढ्यात नव्हते. चाळीस मुलांच्या माना पाट्यांवर झुकल्या. उत्तर चुकले तर काय होईल, या धास्तीने झुकलेल्या माना होत्या त्या. तो सन्नाटा मला ओळखीचा होता, कारण लहानपणी मीही त्याच सन्नाट्यात बसलेलो आहे. गणित हा आपला प्रांत नव्हे, तो ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या हिशेबाच्या वह्या आहेत त्यांचा, ही समजूत कोणी शिकवावी लागत नाही. ती वर्गातल्या हवेतच असते.

फळा आणि आपला समाज यांचे नातेही साधे नाही. बाबासाहेब मुंबईत हायस्कूलला असताना शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आपण तो अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्राथमिक वर्गाला शिकवू लागल्यापासून मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक जाणवते. डबे हलले, तरी तो मुलगा फळ्यापर्यंत गेला आणि हातात खडू घेऊन त्याने उदाहरण सोडवले. आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाने फळ्यापर्यंत न घाबरता जावे, एवढ्याचसाठी मी आकृतिबंधांच्या मागे लागलो.

पाठ्यपुस्तकात 'आकृतिबंध' हा शब्द येतो. मुलांना तो जड वाटतो. त्यांना 'नक्षी' कळते, 'चाल' कळते, 'ओळ' कळते. मी सुरुवात नक्षीपासून केली. घरून येताना पांघरायला गोधडी आणलेली मुले वसतिगृहात पुष्कळ असतात. एका तासाला मी चार गोधड्या वर्गात अंथरल्या आणि म्हटले, "आईने एक तुकडा लावला, मग दुसरा, मग तिसरा. पुन्हा पहिलाच कुठे आला ते दाखवा." लाल, लाल, निळा, लाल, लाल, निळा, अशी एक ओळ होती. मोठ्यांना वाटते की मुलाने पुढचा तुकडा ओळखला म्हणजे त्याला आकृतिबंध कळला. तसे नसते. बरीच मुले केवळ शेजारच्या तुकड्याकडे पाहून अंदाज करतात. 'लाल, लाल, निळा' ही तिघांची घडी पुन्हा पुन्हा येते आहे, हे ज्याला दिसले त्यालाच ओळीतला विसावा तुकडा न मोजता सांगता येतो. दर तिसरा निळा, म्हणून अठरावा निळा, म्हणून एकोणिसावा आणि विसावा लाल. ही भागाकाराची आणि बाकीची पहिली पायरी आहे, आणि ती गोधडीवर बसूनच चढता येते.

त्यानंतर तीच घडी दुसऱ्या वस्तूंत करायला सांगावी. टाळी, टाळी, चुटकी. पान, पान, फूल. उभे, उभे, बसलेले. वस्तू बदलल्या तरी आत काहीतरी तसेच राहिले, हे मुलाच्या ध्यानात आले की ते आपण होऊन त्याला नाव देऊ पाहते. कोणी 'दोन-एक, दोन-एक' म्हणते, तर कोणी 'अ अ ब'. पुढे सातवी-आठवीत ज्या बीजगणिताने आपली मुले गांगरतात, ते हेच. आपण त्यांना अक्षर आधी देतो आणि ते ज्याच्या जागी उभे आहे ती वस्तू कधी दाखवतच नाही.

याच टप्प्यावर घडलेली एक गोष्ट सांगतो. प्रत्येकाने आपल्या मनाने दोन गोष्टींचा आकृतिबंध लिहावा, असे मी सांगितले होते. बहुतेकांनी फुले, फळे, रंग लिहिले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलीने लिहिले होते : गाव, फड, गाव, फड, गाव, शाळा. शेजारचा मुलगा ओरडला, "सर, हिचं चुकलं, पुढे फड पाहिजे." ती वर न पाहता म्हणाली, "यंदा आईनं मला नेलं नाही." मी तिच्या पाटीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलाकडे गेलो. त्या दिवशी त्याहून अधिक बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

पुनरावृत्तीनंतर वाढीचा आकृतिबंध. त्यासाठी चिंचोक्यांसारखे साधन नाही, आणि चिंचोके फुकट मिळतात. एक चिंचोका ठेवा. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात तीन चिंचोके लावले की चारांचा चौरस होतो. आणखी पाच लावले की नऊ, आणखी सात लावले की सोळा. १, ३, ५, ७ या विषम संख्यांची बेरीज करीत गेले की प्रत्येक वेळी चौरसच का तयार होतो, हे तिसरीच्या मुलाला सूत्राने पटवता येणार नाही. परंतु कोपऱ्याभोवतीची नवी पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा नेहमी दोन चिंचोक्यांनी लांब असते, हे त्याच्या बोटांना कळते. दहा विषम संख्यांची बेरीज विचारली तेव्हा एका मुलीने चिंचोके न लावताच शंभर सांगितले. "कशावरून?" ती म्हणाली, "दहा पट्ट्या म्हणजे दहा बाय दहा." 'कशावरून' या प्रश्नाला आलेले ते माझ्या वर्गातले पहिले उत्तर.

पाढ्यांविषयीही थोडे सांगावेसे वाटते, कारण पालकांचा सारा जोर पाठांतरावर असतो. पाठांतराला माझा विरोध नाही. मात्र पाठ केलेल्या पाढ्याकडे एकदा डोळ्यांनी पाहावे. आमच्या सुताराकडून मी एक गोल फळी करून घेतली, काठावर सारख्या अंतराने दहा खिळे ठोकून त्यांना ० ते ९ असे अंक दिले. चारचा पाढा म्हणायचा आणि प्रत्येक उत्तराचा फक्त एकक स्थानचा अंक घ्यायचा : ४, ८, २, ६, ०. शून्यापासून त्या क्रमाने लोकरीचा धागा खिळ्यांना गुंडाळत गेले की पाच टोकांची चांदणी होते. सहाच्या पाढ्यानेही तीच चांदणी होते, फक्त धागा उलट्या दिशेने फिरतो. दोन आणि आठ यांचा पंचकोन एकच. तीन आणि सात यांची दहा टोकांची चांदणी एकच. एक आणि नऊ मिळून काठाकाठाने फिरतात, आणि पाच बिचारा शून्यापासून पाचापर्यंत येरझाऱ्या घालीत राहतो. ज्या जोडीची बेरीज दहा, तिचे चित्र सारखे! सहाचा पाढा म्हणताना ज्याची बोबडी वळत असे, तो मुलगा त्या फळीजवळून जेवणाच्या घंटेलाही उठेना.

आता वर्गाबाहेर येऊ. आमच्या आवारातली झाडे ही आमची दुसरी फळी. तुळशीकडे वरून पाहिले तर पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम, तिच्यावरची दक्षिण-उत्तर, पुन्हा पूर्व-पश्चिम अशी फुली पडत जाते. कुंपणाकडेच्या रुईची रीतही तीच. कण्हेरीला एका पेरावर तीन पाने येतात. ज्वारीच्या ताटाला एक पान या बाजूला, पुढचे त्या बाजूला. मुलांना हे सांगू नये, त्यांना झाडावरून वाकून पाहू द्यावे. वरच्या पानाची सावली खालच्या पानावर कमीत कमी पडावी अशी ती रचना दिसते, हे कोणीतरी म्हणतेच.

पावसाळ्यात मक्याची कणसे भाजली जातात. भाजण्यापूर्वी दाण्यांच्या उभ्या ओळी मोजायला लावाव्यात. कोणाच्या कणसाला बारा भरतात, कोणाच्या चौदा, कोणाच्या सोळा. तेरा किंवा पंधरा म्हणणाऱ्याला पुन्हा मोजायला सांगावे. कणसावरच्या ओळी जवळजवळ नेहमी समसंख्येत असतात, कारण कणसावर दाण्यांचे कोंभच मुळात जोडीजोडीने धरतात. 'सम आणि विषम' हा धडा मी पुस्तकातून शिकवणे तेव्हापासून सोडून दिले. फक्त कणीस खाऊन झाल्यावर मोजता येत नाही, हा नियम मुलांना कडक वाटतो.

निसर्ग आणि गणित यांची गोष्ट निघाली की एक संख्यामाला हमखास पुढे येते : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. जग तिला इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाच्या नावाने ओळखते, त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. पण बाराव्या शतकातले जैन आचार्य हेमचंद्र यांनी ती त्याच्या आधी मांडली होती, आणि त्यांच्याही काही शतके आधी विरहांक नावाच्या छंदशास्त्रकाराने. त्यांना सशांची पैदास किंवा सूर्यफुले मोजायची नव्हती. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरल्या, तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न तिसरीच्या मुलांना विचारता येतो. आखूड ठोका एक मात्रेचा, लांब ठोका दोन मात्रांचा. तीन मात्रा किती तऱ्हांनी वाजतील? आखूड-आखूड-आखूड, आखूड-लांब, लांब-आखूड : तीन. चार मात्रा? पाच तऱ्हांनी. ठोक्यांसाठी वर्गात हलगी आणावी की नाही, यावर मी बराच विचार केला. तिच्या कडकडाटासारखे मात्रा मोजण्याचे साधन दुसरे नाही. पण आपल्या वाडवडिलांनी ती खांद्यावरून उतरवली ती लाचारीचे गावकाम नाकारण्यासाठी, आणि त्या नकाराची किंमतही त्यांनी मोजली. मी हलगी आणली नाही. आम्ही बाकांवर वाजवले. तालात दोष नव्हता हे मी जाणतो, पण काही गोष्टी शिक्षकाला वर्गाबाहेर ठेवाव्या लागतात.

पाच मात्रांच्या तऱ्हा मुलांनी वाजवून वाजवून आठ भरवल्या. मग मी विचारले, "न वाजवता सांगता आले असते का?" पाच मात्रांची कोणतीही तऱ्हा घ्या, तिचा शेवटचा ठोका एकतर आखूड असेल किंवा लांब. आखूड असेल तर त्याच्या आधी चार मात्रा उरतात, त्यांच्या तऱ्हा पाच. लांब असेल तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांच्या तऱ्हा तीन. पाच आणि तीन आठ. सहा मात्रांच्या किती, हे मग चौथीच्या मुलीने आपणहून सांगितले : आठ आणि पाच तेरा. ती बेरीज का करायची हे तिला कळले होते, म्हणून मी तिला शाबासकी दिली. नुसत्या तेराला मी दिली नसती.

हीच संख्या सूर्यफुलात भेटते. पिकलेल्या सूर्यफुलाच्या बियांकडे पाहिले तर एकात एक गुंतलेली दोन दिशांची वळणे दिसतात. एका दिशेने बहुधा ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५ भरतात. खडूची पूड लावून एकेक वळण रंगवले तरच मोजता येते, नाहीतर डोळे फिरतात. फुलाच्या मध्यावर प्रत्येक नवी कळी आधीच्या कळीपासून सुमारे १३७.५ अंश वळून फुटते आणि त्यामुळे जागा वाया न जाता बिया दाटीने बसतात. फुलाला बेरीज येत नाही. ते एकच वळण पुन्हा पुन्हा घेते, आणि मोजणाऱ्याला संख्यामाला दिसते.

मात्र इथे शिक्षकांनी सावध असले पाहिजे. प्रत्येक फुलाच्या पाकळ्या याच संख्यामालेतल्या असतात, अशी वाक्ये मी तक्त्यांवर रंगवलेली पाहिली आहेत. ती खरी नाहीत. जास्वंदाला पाच, सदाफुलीला पाच, तगरीला पाच. इथवर सगळे छान. मग मोहरीचे फूल घ्या, चार पाकळ्या. मुळ्याचे घ्या, चार. कांद्याचे बारीक फूल भिंगाखाली धरा, सहा. चार आणि सहा त्या संख्यामालेत नाहीत. पहिल्या वर्षी मीही तोच तक्ता भिंतीवर लावला होता. एका मुलाने मुळ्याचे फूल आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता तक्त्याकडे पाहिले. तक्ता मी काढून टाकला. आपल्या कुटुंबांत शाळेची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या मुलाला 'पुस्तकातले चुकू शकते आणि ते तू मोजून दाखवू शकतोस' हे कळणे, ही साधी बाब नाही.

आणि प्राजक्त! वसतिगृहाच्या मागच्या अंगाला आमचा प्राजक्त आहे. श्रावणापासून त्याचा सडा पडू लागतो. निवासी शाळेचा लाभ असा की पहाटे मुले तिथेच असतात. बहुतेकांना वाटते की त्याच्या पाकळ्या ठरलेल्या असतील. मोजल्यावर एकाला सहा भरल्या, दुसऱ्याला सात, आणि भांडण जुंपले. दोघेही खरे होते. एकाच झाडाच्या, एकाच पहाटेच्या फुलांना पाच, सहा, सात, आठ अशा पाकळ्या असतात. आमच्या झाडावर सहा आणि सात यांची गर्दी. पाच आणि आठ शोधावी लागतात. मग आम्ही एक वही केली, रकाने आखले आणि रोज पहाटे वेचलेल्या पन्नास फुलांची नोंद करू लागलो. आज एकच फूल उचलले तर त्याला किती पाकळ्या निघतील, हे कोणीच सांगू शकत नाही. पन्नास उचलली तर त्यांचा साधारण डौल कसा असेल, हे मात्र आता तिसरीतले पोरही सांगते. ज्याला वरच्या वर्गांत संख्याशास्त्र म्हणतात, त्याच्या दाराशी ही मुले पहाटे चूळ भरायच्या आधी उभी असतात.

संख्यांशी खेळणे हे मोठ्या विद्यापीठांतल्यांचेच काम, अशी समजूत असेल तर मुलांना देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची गोष्ट सांगावी. ते शाळामास्तर होते. तीन अंकी कोणतीही संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे मात्र नकोत. समजा २८३. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ८३२. चढत्या क्रमाने मांडा, २३८. वजा करा, ५९४. पुन्हा तसेच करा : ९५४ वजा ४५९, उत्तर ४९५. आता कितीही वेळा करा, ४९५ च येत राहते. चार अंकी संख्येला हीच कृती लावली की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. तो कापरेकर स्थिरांक. त्यांच्या हयातीत पुष्कळांनी हा निव्वळ छंद म्हणून हसण्यावारी नेला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाचे लक्ष तिकडे गेले. आपल्या शाळेत हजाराच्या पुढची वजाबाकी मी आता कापरेकर सरांच्या पद्धतीनेच घोटून घेतो. शेवटी ४९५ किंवा ६१७४ आले की पोहोचल्याचे मुलाला स्वतःलाच कळते. मास्तरांचा लाल पेन लागत नाही.

आतापर्यंत आकृतिबंध सापडण्याची गोष्ट केली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते आकृतिबंध फसवतो तेव्हाचे शिक्षण. एक वर्तुळ काढा. काठावर दोन बिंदू घेऊन जोडले की आतल्या जागेचे दोन भाग होतात. तीन बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले की चार भाग. चार बिंदूंचे आठ, पाच बिंदूंचे सोळा. सहा बिंदूंचे किती? सारा वर्ग "बत्तीस" म्हणाला. मीही पहिल्यांदा तेच म्हटले होते. मुलांनी काढून मोजले. कोणाचे एकतीस आले. ज्यांनी बिंदू नेमक्या सारख्या अंतरावर घेतले त्यांचे तीसच आले, कारण मधल्या तीन रेघा एकाच ठिकाणी छेदतात. बत्तीस कोणाचेच येईनात. पाच बिंदूंपर्यंत खरे ठरलेले सहाव्या बिंदूला खोटे ठरले.

त्या तासाच्या शेवटी मी गणित बाजूला ठेवून विचारले, "मांजर आडवे गेले आणि काम बिघडले, असे तुम्ही किती वेळा पाहिले?" हात वर झाले. "मांजर आडवे गेले आणि काम झाले, असे किती वेळा?" कोणी मोजलेच नव्हते. आमच्या प्राजक्ताच्या वहीप्रमाणे दोन रकाने आखल्याशिवाय हा आकृतिबंध खरा की खोटा ते कळणार नाही, एवढेच मी म्हणालो. मोठ्या वर्गांत इतिहास शिकवताना हाच धागा मला पुन्हा हाती लागतो. जन्मावरून काम, कामावरून वस्ती, वस्तीवरून पाणवठा, हा निसर्गाचाच क्रम आहे असे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके सांगितले गेले. पिढ्यान्पिढ्या तसेच चालत आले, हाच त्याचा पुरावा म्हणून दाखवला गेला. तुळशीच्या पानांचा क्रम आणि माणसांनी लादलेला क्रम यांत फरक कसा करायचा, हे ज्याला लहानपणी फुलापानांवर करून पाहायला मिळाले, त्याला पुढे कोणी सहज फसवू शकेल असे मला वाटत नाही.

गेल्या एका सहलीत आम्ही कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलो होतो. मोठी मुले शिल्पे पाहत होती आणि धाकटी खांब मोजत होती. आता ती त्यांची खोडच झाली आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागच्या अर्धवर्तुळात सात, असे सदतीस खांब. बाजूच्या खांबांना घडा, घंटेसारखा शिरोभाग आणि वर प्राण्यांवर बसलेल्या माणसांच्या जोड्या आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी, काही नसलेले. "सर, इथे नक्षी मोडली," एकाने हाक दिली. दुसरा म्हणाला, "मागचं कोणाला दिसतंय?" तिसऱ्याला मी आदल्या दिवशी सांगितले होते की इथले कित्येक खांब निरनिराळ्या माणसांनी दान दिले, काही धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी, आणि तसे लेख खांबांवर कोरलेले आहेत. तो म्हणाला, "मागच्या खांबांना कोणी पैसे दिले नसतील." मी इतिहासाचा एम.ए. असूनही उत्तर दिले नाही. परतीच्या गाडीत त्यांचा वाद पुण्यापर्यंत चालला होता.

पालकांशी दोन शब्द. 'आम्ही अडाणी, आम्हाला काय गणित येणार' असे सभेला आलेल्या माता-पित्यांकडून मी नेहमी ऐकतो. तीन बाय तीन फुटांवर चौफुली कापूस लावताना दोरीवर खुणा करणारा माणूस गणितच करीत असतो. तीन त्रिक नऊ चौरस फुटांत एक झाड, आणि एकराचे चौरस फूट ४३,५६०, म्हणजे एकरी ४,८४० झाडे. हे तुम्हाला बियाण्याच्या अंदाजाने ठाऊक असते. सुटीत मूल घरी आले की त्याला दोरीचे एक टोक धरायला द्या आणि विचारा, पुढची खूण कुठे येईल? तुला कसे कळले? त्याचे उत्तर चुकले तरी लगेच सांगू नका, झाड लावेपर्यंत थांबा.

आणि चंद्र तर सगळ्यांचाच आहे. पौर्णिमेला वंदना झाली की मुले अंगणात येतात. त्या संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या सुमारास चंद्र उगवतो. दुसऱ्या दिवशी तो सरासरीने पन्नास मिनिटे उशिरा येतो, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. भिंतीवरच्या घड्याळात ती वेळ टिपून ठेवायला खर्च काही येत नाही. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस मुलांनी मोजले तेव्हा कधी २९ भरले, कधी ३०. "चंद्र चुकतो का?" असा प्रश्न आला. चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा आहे आणि आपण मात्र अर्धा दिवस मोजत नाही, हे त्यांचे त्यांनाच बऱ्याच चर्चेनंतर सापडले.

माजी विद्यार्थी या समारंभाला येतील तेव्हा त्यांनी वसतिगृहाच्या मागे जाऊन यावे. प्राजक्ताच्या नोंदीची वही तिथल्या खिडकीत दोरीने बांधलेली असते. तिच्यात पाच, सहा, सात आणि आठ असे चार रकाने होते. गेल्या श्रावणात मुलांनी पाचवा आखला, नऊचा. अजून तो कोरा आहे.